धरणगावचा आउट्रम

१८५७ चा धडा आपण सगळ्यांनी पाठ केला होता, पण त्यातल्या लखनौच्या लढाईतला एक इंग्रज सेनापती आपल्या खानदेशातच तयार झाला, हे मला नोकरीला लागल्यावर कळले.

जेम्स आउट्रम सोळाव्या वर्षी, १८१९ मध्ये हिंदुस्थानात आला. खानदेश नुकताच इंग्रजांकडे गेला होता, पण सातपुड्यातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. फौजा पाठवूनही जमेना, तेव्हा १८२५ मध्ये आउट्रमला भिल्लांचीच पलटण उभारायला धाडले. तिचे ठाणे धरणगाव. तो भिल्लांमध्ये राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांचा विश्वास कमावला. दहा वर्षे तो इथे होता. इंग्रज चरित्रकार हे फार कौतुकाने सांगतात. मात्र १८३० मध्ये हीच पलटण आणि इतर फौज घेऊन तो डांगच्या भिल्ल राजांवर चालून गेला. डांग म्हणजे आपल्या नवापूरपलीकडचेच रान! बंदूकवाला भिल्ल आणि समोरही भिल्लच.

पुढे लखनौच्या मोहिमेत स्वतः वरिष्ठ असूनही त्याने नेतृत्व हॅवलॉककडे सोडले. बॅरोनेट झाला, १८६३ मध्ये वारल्यावर वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. माणूस उमदा होता, हे मी मानते.

रनाळ्याला माझ्या बाकावर भिल्ल मैत्रीण बसायची. तिचे पूर्वज पलटणीत होते की डांगच्या रानात, हे मी कधी विचारलेच नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी काही आठवण सांगत असतील, तर संमेलनाच्या पंगतीत मला जरूर गाठा.