मारलेला विषाणू, ओळखीचा चेहरा

१९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली, आणि जंगलात जाणारी माणसं तापाने फणफणू लागली. पुण्यातलं व्हायरस रिसर्च सेंटर तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोचिडांमार्फत पसरणारा तो नवा विषाणू शोधून काढला. आपल्या महाराष्ट्रात दोडामार्गातही पुढे पोचलेला माकडताप तो हाच.

त्या तापावरची लस फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची होती. १९७८ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटरचं नाव बदलून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, झालं. पुढे संस्थेने जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा कोलारचा वाण भारत बायोटेकला दिला आणि २०१३ मध्ये जेनव्हॅक ही लस आली, तीही मारलेल्याच विषाणूची. म्हणून कोविडवरच्या कोव्हॅक्सिन लशीला घाईचं अपत्य म्हटलेलं मला पटत नाही. तिच्यामागे या संस्थेची जुनी वहिवाट आहे.

३० जानेवारी २०२० रोजी केरळातल्या पहिल्या कोविड रुग्णाचं निदान एनआयव्हीत झालं. संस्थेने विषाणू पेशींमध्ये वाढवून वेगळा काढला आणि तो वाण हैदराबादला भारत बायोटेककडे गेला. खरा प्रश्न पुढेच होता. विषाणू पुरता मरायला हवा, पण शरीराला त्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे. फॉर्मलिन प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं. कोव्हॅक्सिनसाठी बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरलं; त्याचा मुख्य मारा विषाणूच्या जनुकद्रव्यावर असतो.

मारलेल्या विषाणूच्या लशीबद्दलच्या भीतीलाही कारण होतं. १९६६ मध्ये अमेरिकेत आरएसव्ही विषाणूची फॉर्मलिनने मारलेली लस घेतलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला. दोन बाळं दगावली. प्रतिपिंडं तयार झाली होती, पण विषाणूला रोखणारी फार थोडी. कोव्हॅक्सिनमध्ये तुरटीच्या जातीच्या क्षाराला जोडून आणखी एक उत्तेजक घातला तो प्रतिकाराला योग्य वळण लागावं म्हणून.

पूर्ण विषाणू टोचला की शरीर त्याच्या काट्याविरुद्ध, म्हणजे स्पाइक प्रथिनाविरुद्ध, प्रतिपिंडं बनवतं, तशी आतल्या एन प्रथिनाविरुद्धही. पेशीत शिरणं अडवतात ती काट्यावरची. काटा मोठा नाजूक. तो उलटून त्याचं रूप पालटलं तर त्यावर बसणारी बरीच प्रतिपिंडं कुचकामी ठरतात. फायझर-मॉडर्नाने प्रोलिन ही दोन अमिनो आम्लं घालून काटा मूळ रूपात खिळवला. पुण्यातच सीरममध्ये बनलेल्या कोव्हिशील्डमध्ये काटाच होता, पण हा खिळा नव्हता. कोव्हॅक्सिनमध्ये काटा निसर्गाने दिला तसाच.

म्हणून नुसती प्रतिपिंडं मोजून भागत नाही. एनआयव्हीची कवच एलायझा ही रक्तचाचणी प्रतिपिंडं आहेत का, एवढंच सांगे. ती विषाणूला अडवतात का, हे पाहायचं तर रक्तद्रव जिवंत विषाणूत मिसळून पेशींच्या पातळ थरावर ओतायचं, काही दिवस थांबायचं आणि विषाणूने पेशी मारून पाडलेली भोकं मोजायची. रक्तद्रव किती पातळ केलं तरी भोकं निम्मी राहतात, त्यावरून त्याचं बळ ठरतं. फार चिकाटीचं काम.

लशीची परीक्षा घ्यायला पुन्हा माकडंच लागली. टाळेबंदीत ती शोधत पथक महाराष्ट्रभर फिरलं, वनखात्याने मदत केली आणि नागपूरजवळ ती सापडली. वीस ऱ्हिसस माकडांवर चाचणी झाली. विषाणू दिल्यावर लस टोचलेल्या माकडांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया दिसला नाही.

माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यात लस लक्षणांसह होणाऱ्या कोविडविरुद्ध ७७.८ टक्के परिणामकारक ठरली, विषाणूच्या डेल्टा या बदललेल्या रूपाविरुद्ध ६५.२ टक्के. मधल्या काळात दुसऱ्या लाटेने महाराष्ट्र होरपळून निघाला होता. डेल्टाच्या काट्यावर ४५२ आणि ६८१ या जागांवर बदल झाले होते. संस्थेने डेल्टा वाढवला, कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचं रक्तद्रव त्यावर ओतलं आणि भोकं मोजली. अडवण्याची ताकद २.७ पटींनी घटली होती, पण पुसली गेली नव्हती.