बागेंतील वेधशाळा आणि पुष्याचा तारकागुच्छ

ताऱ्यांचीं स्थानें ठरवावयाचीं, तर डोंगरमाथा, निर्मळ हवा आणि सरकारी वेधशाळा हवी, असा सर्वसाधारण समज आहे. न्यूयॉर्कच्या भर वस्तींतील एका गृहस्थांनीं तो आपल्या बागेंत खोटा ठरविला. लुईस मॉरिस रदरफर्ड (१८१६-१८९२) हें त्यांचें नांव. १८४९ सालीं वकिली सोडून ते शास्त्राकडे वळले व १८५६ सालीं सेकंड अव्हेन्यूवरील राहत्या घराच्या बागेंत त्यांनीं वेधशाळा उभारली.

त्या काळच्या छायाचित्रणाच्या कांचेवरील लेपावर मुख्यतः निळ्या-जांभळ्या किरणांचाच परिणाम होत असे. साध्या दुर्बिणीचें भिंग हे किरण नीट एकत्र आणीत नाहीं. म्हणून रदरफर्ड यांनीं खास त्यांच्यासाठींच सव्वाअकरा इंची भिंग घडविलें. तें १८६४ च्या अखेरीस पुरें झालें. शिवाय कांच ओली असेतोंच सारें काम उरकावें लागे.

१८६५ सालीं त्यांनीं पुष्य नक्षत्रांतील तारकागुच्छाचें छायाचित्र घेतलें. अवघ्या ३ मिनिटांत, एक अंश लांब व तितक्याच रुंद अशा क्षेत्रांतील २३ तारे कांचेवर उमटले. त्यांतील कित्येक नवव्या प्रतीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांस न दिसणारे होते.

परंतु खरा प्रश्न पुढेंच होता. लेप वाळतांना आक्रसला, तर ताऱ्यांमधील अंतरें विश्वसनीय कशीं मानावीं? ही शंका खरी ठरती, तर छायाचित्र केवळ शोभेची वस्तु ठरलें असतें. रदरफर्ड यांनीं मोजमापाचें यंत्र तयार करवून या शंकेचा कसोशीनें तपास केला. ज्योतिर्विद बेंजामिन गूल्ड यांनीं त्यांच्या कांचांवरून कृत्तिकांचीं स्थानें काढलीं, जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांच्या पूर्वीच्या मापांशीं तीं ताडून पाहिलीं आणि १८६६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढें आपला निबंध ठेवला.

१८९० सालीं या कांचा कोलंबिया विद्यापीठाच्या स्वाधीन झाल्या. तेथें हॅरोल्ड जेकोबी यांचीं कृत्तिकांचीं मापें १८९२ सालीं प्रसिद्ध झालीं. पुढें पुष्याच्या कांचांवरून तरुण फ्रँक श्लेसिंजर यांनीं प्रबंध लिहून १८९८ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. ताऱ्यांच्या छायाचित्रांवरून सूक्ष्म अंतरें मोजण्याच्या शास्त्रांत त्यांनीं पुढें मोठें नांव कमावलें.

डोळ्यानें घेतलेला वेध पुन्हां तपासावयाचा, तर ती रात्र परत आणतां येत नाहीं. कांचेवर मात्र ती टिकून राहते, आणि तिचा उपयोग पुढल्या पिढीसही करतां येतो. रदरफर्ड यांच्या बागेनें ज्योतिषशास्त्रास दिलेली देणगी ती हीच.