टी-शर्टवरील वारली चित्र
सुती टी-शर्टवर हाताने रंगवलेली किंवा छापलेली वारली शैलीतील आकृती. मूळ चित्र पालघर, डहाणू, जव्हार भागांतल्या वारली आदिवासींच्या कुडाच्या भिंतीवरचे : गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, 2011) यांनी ते कागदावर आणि कापडावर जगभर नेले. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

होजिअरीचे कापड ताणले जाते, हीच खरी अडचण. साधा रंग वाळून कडक होतो आणि छातीवर ताण आला की दोन त्रिकोण जोडून काढलेल्या माणसाच्या बारीक कमरेशीच तडकतो. म्हणून कोरा शर्ट आधी धुऊन खळ काढतात, आत पुठ्ठा सरकवतात, कापडाचा ॲक्रिलिक रंग पातळ थरात देतात आणि पुरता वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवतात. तारपा या फुंकवाद्याच्या सुरांवरचा नाच शर्टावर शोभतो. लग्नात भिंतीवर काढायच्या देवचौकातली पालघट देवी मात्र विधीची. तिला पाठीवर मिरवणे बरे नव्हे.

चित्र पालघरकडचे असले, तरी परभणी जिल्ह्याचा संबंध या शर्टाच्या कापडाच्या मुळाशी, म्हणजे कापसाशी येतो. मानवत, सेलू येथे कापसाचा मोठा बाजार आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) ‘परभणी तुराब’ (पीए 255), ‘विनायक’ (पीए 402) हे देशी कापसाचे सुधारित वाण दिले.