रात्री बारानंतर काही नको : एका नियमाचा इतिहास

शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या रुग्णाला ज्या सूचना मिळतात, त्यांतली एक बहुतेकांना पाठ असते. रात्री बारानंतर काही खायचे नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अकोले किंवा पाथर्डीकडच्या खेड्यातून आलेल्या कुटुंबाला ती फार खटकते. एवढे मोठे ऑपरेशन आणि माणसाला उपाशी ठेवायचे? अंगात ताकद कोठून येणार? मग पहाटे घरातली आजी हळूच चहा-बिस्किट पुढे करते. तिची माया खरी असते. पण त्या चहा-बिस्किटाने रुग्णाच्या जिवाला धोका होऊ शकतो. हा धोका माणसाला कसा उमगला, त्यावरचा नियम कसा घडला आणि पुढे तोच नियम कसा बदलावा लागला, हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

आजीच्या विचाराला जुना आधारही आहे. सुश्रुतसंहितेत या बाबतीत दोन सूचना आढळतात. एके ठिकाणी शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला खाऊ घालावे, आणि वेदना न सोसणाऱ्याला, तो मद्य घेणारा असेल तर, तीव्र मद्य पाजावे असे सांगितले आहे. अन्नामुळे तो मूर्च्छित होत नाही व मद्यामुळे त्याला शस्त्राची जाणीव होत नाही, हे त्यामागचे कारण. दुसरीकडे मुतखडा, मूळव्याध, भगंदर, मुखरोग अशा काही विकारांत मात्र रुग्ण उपाशी असतानाच शस्त्रकर्म करावे असा निर्देश आहे. म्हणजे सरसकट एक नियम नव्हता. विकार पाहून निर्णय होता. त्या काळी आजच्यासारखी भूल नव्हती. रुग्ण जागा असे आणि त्याचा ठसका शाबूत असे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

आपल्या घशात अन्नाची आणि हवेची वाट काही अंतर एकच असते. घास गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण मिटते. चुकून कण आत गेलाच, तर जोराचा ठसका लागून तो बाहेर फेकला जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिला आपल्या इच्छेची गरज नसते. पण संपूर्ण भूल दिली की हीच क्रिया मंदावते. जठरातले अन्न उलटून घशात आले तर ते अडवणारे कोणी उरत नाही.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टन येथे ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांतच मरण पावली. तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात पाणी व ब्रँडी घातली होती; त्यामुळेच ती गुदमरली, असे सिम्पसन यांचे मत होते. इतरांनी दोष क्लोरोफॉर्मला दिला. हा वाद पुरता मिटलेला नाही. पण बेशुद्ध माणसाच्या घशात काही जाणे किती घातक, हा प्रश्न त्यातून पुढे आला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांनी 1883 मध्ये नेमका सल्ला दिला. जठरात घन अन्न नसावे; मात्र भुलेच्या दोन तास आधी कपभर चहा दिल्यास हितावह ठरते. घन आणि द्रव यांत त्यांनी केलेला हा फरक लक्षात ठेवू या.

पुढचा टप्पा 1946 चा. न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिरुग्णालयातील 1932 ते 1945 या काळातल्या 44,016 बाळंतपणांची नोंद कर्टिस मेंडेलसन यांनी तपासली. भुलेखाली जठरातला ऐवज फुप्फुसात गेल्याच्या 66 घटना त्यांना आढळल्या, म्हणजे सुमारे 667 बाळंतपणांत एक. दोन स्त्रिया दगावल्या. दोघीही घन अन्नाने गुदमरून. मग त्यांनी सशांवर प्रयोग केले. जठरातला आम्लयुक्त द्रव फुप्फुसात गेला तर गंभीर इजा होई. आम्ल उदासीन केलेला द्रव तितका घातक ठरत नसे. म्हणजे धोके दोन : घन अन्नाने वाट बंद होणे आणि आम्लाने फुप्फुस भाजणे.

यानंतर उपवासाचा नियम कडक होत गेला. ‘मध्यरात्रीनंतर काही नाही’ हे सांगायला सोपे आणि सर्व रुग्णांना एकदम लागू करता येणारे. पण सोयीचा नियम नेहमीच अचूक असतो असे नाही. रात्री 8 वाजता जेवलेल्या रुग्णाची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी 1 वाजता आली, तर उपवास 17 तासांचा होतो. लहान मूल तेवढ्या वेळात कासावीस होते. 1980 नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवले की शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी प्यालेले थोडे पाणी जठरात साठून राहत नाही. ते लवकर पुढे सरकते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : पाण्यासारखे निर्मळ द्रव दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास, हलका आहार सहा तास. तळलेल्या, तेलकट जेवणाला याहून अधिक वेळ लागतो. लिस्टरचा फरक शतकानंतर परत आला.

येथे आजीचा चहा पुन्हा तपासावा लागतो. गाईम्हशीचे दूध जठरात गेल्यावर त्याचे दही-पनीरासारखे घट्ट गोळे होतात, म्हणून दुधाचा चहा निर्मळ द्रवात बसत नाही. बिस्किट तर घनच. ताक, उसाचा रसही चालणार नाही. मधुमेह, गर्भारपण, आतड्याचा अडथळा अशा स्थितीत जठर उशिरा रिकामे होते. त्या रुग्णांची वेळ भूलतज्ज्ञांनीच ठरवायची.

तयारी केवळ पोटाची नसते. 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. ते येरवड्याचे कैदी होते आणि शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक सरकारी अधिकारी. शस्त्रक्रियेपूर्वी श्रीनिवास शास्त्री व डॉ. फाटक यांना बोलावण्यात आले, संमतीचे निवेदन तयार झाले आणि गांधीजींनी त्यावर थरथरत्या हाताने पेन्सिलीने सही केली. समजून दिलेली संमती हाही तयारीचाच भाग आहे.

हे समजावणे खेड्यात शक्य आहे का? उत्तर याच जिल्ह्यात मिळते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले आणि 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांना केवळ आज्ञा दिल्या नाहीत, कारणेही शिकवली. कारण कळले म्हणूनच त्या शेजारणीला पटवू शकल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पचनसंस्थेचा पाठ शिकवताना मुलांना आवंढा गिळता गिळता श्वास आत घेऊन पाहायला सांगावे. जमत नाही. का जमत नाही, हे कळलेले मूल घरी जाऊन आजीला सांगू शकेल. आणि रुग्णालयात गेल्यावर नेमका प्रश्नही विचारू शकेल : जेवण किती वाजेपर्यंत, पाणी किती वाजेपर्यंत, आणि रोजच्या गोळ्यांचे काय?