घरातला जुना कॉम्प्युटर: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

मी नारायण पेठेत तळमजल्यावर राहतो. बाबा घरीच डीटीपीची कामं करायचे. ते गेले, पण त्यांचा पीसी कोपऱ्यात तसाच होता. त्यात त्यांनी लिहिलेल्या आठवणी आणि घरच्या माणसांची टिपणं होती. गेल्या पावसाळ्यात तो सुरू व्हायला दहा मिनिटं घेऊ लागला. एका दुकानदाराने बघून सांगितलं, "फॉरमॅट मारू, नवी विंडोज टाकू, एकदम फास्ट होईल." मी हो म्हटलं असतं तर सगळं गेलं असतं. म्हणून हा लेख.

१. मशीन स्लो झालं तर आधी डिस्क तपासा

स्लो म्हणजे व्हायरस, असं धरून चालू नका. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे निळा रंग आणि 'गुड' असेल तर बहुधा ठीक. पिवळा रंग आणि 'कॉशन' दिसलं तर डिस्कवरचे काही भाग खराब व्हायला लागलेत. आमच्या मशीनवर पिवळाच होता.

अशा वेळी डीफ्रॅग, चेकडिस्क, फॉरमॅट यातलं काहीही करू नका. थकलेल्या डिस्कला आणखी पळवायचं नसतं. सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर आधी बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा, मग बाकीचं. 'टक-टक' आवाज येत असेल तर लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत दव धरून उरलंसुरलंही जातं.

२. जुन्या फाँटमधलं मराठी कसं वाचवायचं

फायली कॉपी झाल्या, पण माझ्या लॅपटॉपवर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. फाइल खराब नव्हती. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी श्रीलिपी, आयएसएम अशा पॅकेजमध्ये टाइप केलेला मजकूर त्या-त्या फाँटच्या सांकेतिक जागांवर बसवलेला असायचा. तो फाँट नसेल तर वाचता येत नाही. म्हणून:

- डेटासोबत जुन्या मशीनमधलं 'फाँट्स' फोल्डरही कॉपी करा.
- पॅकेजला हार्डवेअर लॉक असेल तर तो जपून ठेवा. भंगारात देऊ नका.
- जुनं मशीन चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. त्यात फाँट एम्बेड झालाय ना, ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.
- नंतर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफ शेजारी ठेवून वाचा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकतात, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर.

३. घरच्या घरी होणारी दुरुस्ती

आधी प्लग काढा, मगच कॅबिनेट उघडा.

- *बीप वाजतो, स्क्रीन काळी:* रॅम काढा, तिचे सोनेरी पट्टे खोडरबरने हलकेच पुसा आणि क्लिक होईपर्यंत परत बसवा.
- *तारीख सारखी मागे जाते, वेबसाइट 'असुरक्षित' म्हणतात:* मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तपकीर गल्लीत सहज मिळतो. तारीख चुकली की वेबसाइटचं सर्टिफिकेटही ब्राउझरला चुकीचं वाटतं.
- *तापून आपोआप बंद होतो:* धूळ. ब्रश आणि ब्लोअर वापरा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.
- *यूपीएस लाइट जाताच बंद पडतो:* आतली १२ व्होल्टची बॅटरी बदला. साधारण २-३ वर्षांनी ती दमतेच. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका.

तळमजल्यावर असाल तर कॅबिनेट जमिनीवर नको. भिडे पूल पाण्याखाली जातो त्या दिवसांत आमच्या भिंतींनाही ओल येते. वीतभर उंच स्टँड ठेवा आणि मशीन आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू करा.

४. अपग्रेड की नवा?

हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी बसवली की जुन्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त फरक जाणवतो. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, पण डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, म्हणून जुनी काडी दुकानात सोबत न्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तो नसेल आणि काम फक्त टायपिंग, ईमेल, व्हिडिओ एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. बँकेचे व्यवहार मात्र अपडेट बंद झालेल्या मशीनवर करू नका. नवा घेताना किमान ८ जीबी रॅम, एसएसडी, पक्कं बिल आणि वॉरंटी कोण देणार, एवढं विचाराच.

५. शेवटचं, पण पहिलं करायचं

महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर. बाबांच्या आठवणी आता माझ्या लॅपटॉपवर, एका बाहेरच्या डिस्कवर आणि बहिणीच्या घरी पेनड्राइव्हवर आहेत. त्यांचा पीसी एसएसडी टाकून आई वापरते. दोन फायली मात्र अर्ध्याच निघाल्या. सहा महिने आधी बघितलं असतं तर कदाचित त्याही मिळाल्या असत्या. तुमच्या घरातही असा एखादा पीसी झाकून ठेवला असेल, तर या रविवारी कॉपी करूनच टाका.