मिनी-इम्प्लांट म्हणजे काय? पुढे आलेले दात मागे घेणारा छोटा स्क्रू

पुढचे दात बाहेर आलेत म्हणून सेल्फीत ओठ मिटून हसणारे बरेच जण असतात. ब्रेसेससाठी गेलं की हल्ली डॉक्टर कधीकधी म्हणतात, 'दोन स्क्रूपण लावावे लागतील.' ऐकूनच पोटात गोळा येतो. पण हा स्क्रू करतो काय, ते आधी बघूया.

अडचण कुठे आहे?
दात खूप पुढे असतील तर जागा करायला बऱ्याचदा दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढतात. प्रत्येक बाजूला सुमारे ७ मिमी जागा मिळते. मग मागच्या दाढांच्या आधाराने पुढचे दात मागे ओढतात. इथे न्यूटनचा तिसरा नियम आडवा येतो. रस्सीखेचीत दोन्ही संघ सरकावेत, तशा दाढाही पुढे सरकतात. त्या २-३ मिमी सरकल्या तर तेवढी जागा गेली, आणि काढलेला दात काही परत येत नाही.

स्क्रू काय करतो?
मिनी-इम्प्लांट हा टायटॅनियम मिश्रधातूचा बारीक स्क्रू. जाडी साधारण १.२ ते २ मिमी, लांबी ६ ते १२ मिमी. तो बहुतेक वेळा दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मुळांमधल्या हाडात बसवतात. आता स्प्रिंग दाढेला नाही, स्क्रूला अडकते. म्हणजे दोरी माणसाऐवजी खांबाला बांधली. जपानच्या र्‍युझो कानोमी यांनी १९९७ मध्ये १.२ मिमीचा असा स्क्रू मांडला, त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली.

पडलेल्या दाताच्या जागी बसवतात तो इम्प्लांट वेगळा. हा तात्पुरता असतो, काम झालं की काढतात.

दुखतं का?
हिरडीत भुलीचं इंजेक्शन देतात आणि काही मिनिटांत स्क्रू बसतो. काढताना बहुधा भूलही लागत नाही.

हे लक्षात ठेवा
• दहातला एखादा स्क्रू सैल होऊ शकतो. मग तो काढून दुसरीकडे बसवतात.
• भोवती घाण साचली तर हिरडी सुजते. रोज नीट ब्रश करा, सिगारेट-तंबाखू टाळा.
• स्क्रूमुळे उपचार झटपट संपत नाहीत. जागा महिन्याला साधारण १ मिमी भरते, आणि एकूण दीड-दोन वर्षं धरा. नंतर रिटेनर वापरावाच लागतो.
• दात नव्हे, जबडाच पुढे असेल तर फक्त स्क्रूने भागेलच असं नाही.
• व्हिडिओ बघून घरी दातांना रबर बँड लावू नका. तो हिरडीखाली सरकून हाड खराब करतो, दात गमवावा लागू शकतो.

कोल्हापूरकरांनी कुठे विचारायचं?
बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये ३ वर्षांचं एमडीएस केलेल्या डॉक्टरांकडे जा. जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे, आणि शेजारी सांगलीत भारती विद्यापीठाचं. कॉलेजात खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो.

दात काढायला हो म्हणण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: 'माझ्या दाढा किती पुढे सरकलेल्या चालतील?' थोड्या सरकल्या तरी चालणार असेल, तर स्क्रूची गरजच नाही. अजिबात चालणार नसेल, तर तो स्क्रू तुमची जागा राखतो.