अधिक आणि गुणिले

'मिक्सर' हा शब्द रेडिओच्या विद्येंत दोन ठिकाणीं येतो, आणि दोन्हीकडे त्याचें कार्य निराळें आहे. गायकाचा आवाज व तबल्याचा ठेका एकत्र आणणारा ध्वनिक्षेपणगृहांतील मिक्सर बेरीज करतो. रेडिओ-संचाच्या पोटांतील मिक्सर गुणाकार करतो. या दोन क्रियांचा इतिहासहि वेगळा आहे.

जवळजवळ जुळलेल्या दोन तारा एकदम छेडल्या कीं नाद फुगतो नि ओसरतो, हें तंबोरा जुळविणारास ठाऊक असतें. तेथें नवा स्वर जन्मत नाहीं. आहे तो नादच हेलकावतो. कॅनडांत जन्मलेल्या रेजिनाल्ड फेसेंडेन यांनीं पुढचें पाऊल टाकलें. कानास न ऐकूं येणाऱ्या दोन विद्युल्लहरींचा संयोग घडवून, त्यांच्या कंपनसंख्यांतील अंतराएवढा ऐकूं येणारा स्वर निर्माण करण्याची युक्ति त्यांनीं काढली. १९०२ सालीं तिला अमेरिकेंत पेटंट मिळालें. १९१८ सालीं एडविन आर्मस्ट्राँग यांनीं याच पायावर सुपरहेटरोडाइन संचाची रचना केली.

शुद्ध बेरजेचें उदाहरण टेलिफोननें दिलें. १८ नोव्हेंबर १९६३ रोजीं बेल कंपनीनें कळा दाबण्याचा टेलिफोन अमेरिकेंतील ग्राहकांपुढें आणला. प्रत्येक कळ दोन स्वर एकदम सोडी; ५ च्या कळीचे स्वर सेकंदास ७७० व १,३३६ कंपनांचे. पलीकडच्या टोकास ते पुन्हां वेगळे ओळखले जात. बेरजेंत घटक नष्ट होत नाहींत, याचें हें रोकडें प्रत्यंतर.

१९९२ सालीं जोसेफ मिटोला यांनीं सॉफ्टवेअर रेडिओची कल्पना विद्वानांपुढें मांडली. २००१ सालीं एरिक ब्लॉसम यांनीं 'जीएनयू रेडिओ' ही सर्वांस खुली आज्ञावली सुरू केली. आतां लहर म्हणजे आंकड्यांची माळ झाली. नवशिक्याचा एक प्रसिद्ध पहिला धडा अमेरिकन टेलिफोनच्या डायल-टोनचा आहे : ३५० व ४४० कंपनांचे दोन स्वर घ्यावे आणि मिळवावे. चुकून गुणाकार केल्यास दोन्ही मूळ स्वर नाहींसे होतात, आणि ९० व ७९० कंपनांचे दोन परके स्वर उमटतात.

बेरजेलाहि एक पथ्य आहे. ध्वनीचे आंकडे उणे १ ते अधिक १ या मर्यादेंत राहिले पाहिजेत. पूर्ण उंचीच्या दोन लहरी मिळविल्या तर शिखर २ पर्यंत चढूं पाहतें. लहरींचे माथे छाटले जातात आणि स्वर फाटतो. म्हणून प्रत्येकीची उंची आधींच निम्मी करावी.

ही दोन चिन्हें आपण शाळेंत पाटीवर गिरविलीं. त्यांतील अंतर येथें कानाला ऐकूं येतें.